जानेवारीत गोव्याहून उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या ट्रेकला जातोय. वाट कशी असते, स्नोशूज घ्यावेत का?

स्नोशूज नकोत. बुटांखाली बांधायच्या त्या रुंद चौकटी ताज्या, भुसभुशीत, गुडघाभर बर्फासाठी. केदारकंठाची वाट हिवाळ्यात इतकी तुडवलेली असते की बर्फ दाबून घट्ट होतो, आणि खरा त्रास तिथेच आहे. दुपारी उन्हात वरचा थर विरघळतो, रात्री पुन्हा गोठतो, पहाटे त्याची काच झालेली असते. माथ्याची चढाई नेमकी पहाटे, अंधारात! म्हणून बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स, म्हणजे तळाला छोटे धातूचे दात असलेल्या साखळ्या, हवेतच, शिवाय बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचे गेटर्स. रात्री जोरदार बर्फवृष्टी झाली तर मात्र वाटाड्या सांगेल ते ऐका. तो मागे फिरा म्हणाला तर निमूट फिरा.

चढाई जिथून सुरू होते ते सांक्री गाव सुमारे १९५० मीटरवर, माथा ३८०० च्या आसपास. हजार मीटरला साधारण ६ अंश तापमान उतरतं, वर वारा वेगळाच. आपण गोंयकार १८ अंशांनाही स्वेटर घालणारी माणसं, त्यामुळे पहिल्यांदा भरमसाठ कपडे घालून चढतो आणि घामाने भिजतो. मीही तेच केलं. थांबल्यावर तो घाम जो गार पडला! सुती बनियन घरीच ठेवा.

सराव गोव्यातच, सत्तरी तालुक्यातल्या वाघेरी डोंगरावर करा, पाठीवर ओझं घेऊन. दम वाढेल, बर्फावर टाच रोवून उतरायचं मात्र तिथेच जाऊन शिकावं लागेल. परतताना दुपारी बर्फ मऊ झालेला असतो, तुडवलेली वाट सोडली तर पाय मांडीपर्यंत रुततो. काठ्या दोन घ्या.