ड्राफ्टवर वाद घालण्याआधी

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट (संघ आळीपाळीने कॉलेजमधले नवे खेळाडू निवडतात तो) पहिल्यांदाच बघतोयस, म्हणून मनापासून सांगतो. कुणाला घ्यावं यावर तावातावाने बोलण्याआधी आपल्या संघात भोक कुठे पडलंय ते बघ. कुणाचा करार संपतोय, कोण तिशी ओलांडतोय, हे आधी. सात फेऱ्या असतात, पण सगळे भांडतात पहिल्या फेरीवरच.

ड्राफ्टआधीच्या चाचणीत खेळाडू चाळीस यार्ड किती सेकंदांत धावला, या आकड्याला भुलू नकोस. पुढे महान क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) ठरलेल्या टॉम ब्रेडीला 5.28 सेकंद लागले होते. 2000 साली तो सहाव्या फेरीत, 199 वा निवडला गेला. त्यापेक्षा सामने बघ, आणि चेंडूवरून नजर काढ. लेफ्ट टॅकलचे, म्हणजे क्वार्टरबॅकच्या डाव्या बाजूच्या रक्षकाचे, फक्त पाय बघ: समोरचा अंगावर आला की पावलं छोटी आणि जमिनीलगत राहतात, की टाचा उचलून तो मागे कलंडतो? उजव्या हाताने फेकणाऱ्या क्वार्टरबॅकची पाठ तोच राखतो. मला हे कळायला दोन हंगाम लागले.

निवडीच्या क्रमात वर सरकण्यासाठी पुढच्या वर्षांच्या निवडी देऊन टाकायला मात्र माझा ठाम विरोध असतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने 2021 मध्ये तिसऱ्या क्रमांकावर क्वार्टरबॅक ट्रे लान्सला घेण्यासाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. तो त्यांच्यासाठी जेमतेम चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. आणि 2022 च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, 262 वा घेतलेला क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी त्यांना फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

यंदा तू कुणाची बाजू घेणार आहेस, ते त्याचे निदान तीन पूर्ण सामने बघून मगच सांग.