शेतात सापडलेला हिरवा पडलेला रोमन ब्रोच घरी कसा साफ करावा?

करू नका.

एवढ्यावरच थांबणार होते. पण प्रश्नात पुढे तुम्ही लिहिलंय, 'आई म्हणते चिंच-मीठ लाव, देवाची उपकरणी तशीच लखलखतात', आणि ते वाचून माझी जुनी खपली निघाली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

इतरांसाठी प्रश्न थोडक्यात: यांना नॉरफोकमध्ये मित्राच्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना एक हिरवागार रोमन ब्रोच, म्हणजे कपड्याला लावायची पिन, आणि चांदीच्या नाण्याचा अर्धा तुकडा सापडला. ब्रोच साफ कसा करायचा आणि दोन्ही ठेवता येतील का, असं विचारलंय. ठेवण्याचं शेवटी सांगते. आधी चिंच.

मी पुण्याच्या तांबट आळीतली. लग्नानंतर इंग्लंडात आले, आता सफोकमध्ये राहते. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. त्यांचं आयुष्य तांब्या-पितळेवर हातोडी मारण्यात गेलं. हंड्यावरच्या मठाराचे ठोके बोटांनी चाचपून हा कुणाच्या हातचा ते सांगायचे. एकदा त्यांना कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात घेऊन गेले होते. तिथे ब्रह्मपुरीच्या उत्खननातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती आहे, थेट रोमन साम्राज्यातून आलेली. मी भारावून माहिती सांगतेय, आणि अण्णा काचेला नाक लावून म्हणाले, "ओतीव आहे. ठोकीव नाही." पुढच्या कपाटाकडे गेलेसुद्धा. असा माणूस.

2019 च्या ऑक्टोबरात ते तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आले होते. मला डिटेक्टरचं वेड लागून तेव्हा वर्षच झालं होतं. शेजारच्या निवृत्त ट्रक ड्रायव्हर आजोबांनी ते लावलं. तुम्हाला माहीतच आहे पहिलं वर्ष कसं जातं: कॅनच्या कड्या, बंदुकीच्या काडतुसांची बुडं, ट्रॅक्टरचे नट, शिशाच्या गोळ्या. गहू निघून नांगरट झाली होती, पेरणीआधीचे चार दिवस हातात होते. कानात एकदम स्वच्छ टिंग वाजलं. वीतभर खाली ढेकळात एक हिरवी कमान. लांबी माझ्या अंगठ्याएवढी. वर बिजागरीची नळी, मधे उभ्या रेघांची चपटी कमान, खाली पिन अडकवायची खोबण. पिन गेलेली. म्हणजे आपण पदराला लावतो ती सेफ्टी पिनच, फक्त कुणीतरी झग्याला खांद्यावर लावलेली.

आजोबा म्हणाले, हॉड हिल. हा ब्रोचचा एक प्रकार, डॉर्सेटमधल्या त्या नावाच्या टेकडीवरून नाव पडलंय. इसवी सन 43 मध्ये रोमन सैन्य इथे उतरलं, त्याच्याबरोबर हे ब्रोच आले आणि पुढच्या तीसएक वर्षांत त्यांची फॅशन गेलीसुद्धा. मी घरी आणला, माती वाळू दे म्हणून एका वाटीत ठेवला आणि वाटी ठेवली ओट्यावर. चूक माझी तिथेच झाली, हे आता मान्य करते. तेव्हा केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर वाटी धुऊन पालथी घातलेली आणि खिडकीत ब्रोच चमकतोय. नवा कोरा. गुलाबीसर पिवळा.

"अगं, केवढं कळकलं होतं ते," अण्णा म्हणाले. "चिंच लावली, मीठ लावलं, निघेना. मग तारेची घासणी घेतली."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. तांबटाला बोललेलं लागतं, आणि मला तेच हवं होतं.

तुमच्या आईंना काय सांगायचं ते सांगते. देवाच्या ताम्हणावर चढतो तो मळ कालचा असतो, खाली धातू शाबूत असतो. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेल्या वस्तूचं तसं नसतं. तो हिरवा जंगाल म्हणजे त्या धातूचंच रूपांतर झालेलं असतं आणि वस्तूची मूळ कातडी त्या थरातच असते. कारागिराने ओढलेली रेघ, मीन्याचा कण, लेप, सगळं त्यात. तो काढला की खाली जुनी वस्तू मिळत नाही, खाल्लेला गाभा मिळतो. त्यात चिंचेचं आम्ल पितळातलं जस्त आधी खातं आणि मागे तांबं उरतं, म्हणून तो गुलाबी रंग. आणि मीठ तर सगळ्यात वाईट. मिठातलं क्लोराईड आत शिरलं की पुढे कधीतरी, हवेत दमटपणा आला की, फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके फुटायला लागतात आणि वस्तू आतून पोखरली जाते. याला इथे ब्राँझचा रोगच म्हणतात. कोरडी माती मऊ ब्रशने झटका, लाकडी टूथपिकने खाचेतली उकरा, सिलिका जेलच्या पुडीबरोबर डबीत ठेवा. बस. ऑलिव्ह ऑईलमध्ये बुडवा, बॅटरी लावून साफ करा असे व्हिडिओ करणाऱ्यांचे हात बांधून ठेवायला हवेत.

आता खरं भांडण. ते ब्रोचवरून नव्हतंच. माझ्या आजीचं एक तांब्याचं गंगाळ होतं, काठावर तिचं माहेरचं नाव टोच्याने ठोकून घातलेलं. मी नववीत असताना अण्णांनी ते मोडीत घातलं. तळाला भोक पडलं होतं, वापरात नव्हतं, आणि त्यांच्या धंद्यात जुनं भांडं म्हणजे मोड, तिचं वजन होतं आणि नवीन पत्रा येतो. मला शाळेतून आल्यावर कळलं. ते पंचवीस वर्षं माझ्या पोटात होतं आणि त्या संध्याकाळी सफोकच्या स्वयंपाकघरात बाहेर आलं. म्हटलं, तुम्हाला जुनं काही दिसलं की एकतर वितळवायचं नाहीतर घासायचं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "मग काय, ते गंगाळ मी शेतात पुरून ठेवायला हवं होतं का?"

तीन दिवस बोललो नाही. पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना, कारण तो बरोबर होता. शेतात आपल्याला काय सापडतं? ब्रोच, बकल, पट्ट्याचं टोक, अंगुस्तान, शिशाची चाती, झिजलेली चिल्लर. हंडे-पातेली अखंड सापडत नाहीत, सापडलाच तर एखादा पाय नाहीतर काठाचा तुकडा. कारण रोमन असो की मध्ययुगीन, फुटकं भांडं कुणी टाकत नव्हतं, ते मोडीतच जायचं. आपल्या हाताला लागतं ते चालताना गळलेलं, नाहीतर उकिरड्यात पडून शेणखताबरोबर शेतात गेलेलं. गावांचा-शहरांचा केर गाड्या भरभरून शेतात टाकला जायचा, म्हणून तर जिथे कधी घर नव्हतं अशा वावरातही बकलं निघतात.

चौथ्या दिवशी अण्णांनी हाक मारली. "इकडे ये. चष्मा आण." ब्रोच खिडकीशी धरला होता. कमानीवरच्या दोन रेघांच्या मधल्या खाचेत, जिथे घासणीची तार पोचली नव्हती तिथे, एक पांढुरका पापुद्रा होता.

"ही कल्हई आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, शक्य नाही, माती असेल. ते म्हणाले, "मला कल्हई शिकवू नकोस." मग स्वतःच गोंधळले. कल्हई भांड्याला आतून करतात, अन्न कळकू नये म्हणून. या पिनेला बाहेरून कशाला? थोडा वेळ फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाले, "दाखवायला केलीय. चांदीची वाटावी म्हणून."

त्यानंतर आम्ही दोघं तो ब्रोच घेऊन नोंद करणाऱ्या अधिकारी बाईंकडे गेलो. प्रत्येक भागासाठी असा एक फाइंड्स लायझन ऑफिसर असतो. 1997 पासून चाललेली पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, ब्रिटिश म्युझियमच्या देखरेखीखाली, 15 लाखांवर वस्तू नोंदवल्यात आजवर. बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि लिहिलं: पांढऱ्या धातूच्या लेपाचे अवशेष, बहुधा कथील. हॉड हिल ब्रोच बरेचदा पितळेचे आणि वरून कथलाचा लेप दिलेले असतात, असंही सांगितलं. अण्णांचा चेहरा बघायला हवा होता. नंतर मी वाचलं, पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहून गेलाय की तांब्याच्या भांड्यांना असा लेप दिला की चव सुधारते आणि जंगालाचं विष चढत नाही. गॉलमधले, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचे, कारागीर ब्राँझला कथलाचा असा लेप देतात की चांदीपासून ओळखू येत नाही, हेही त्याने लिहिलंय. अण्णांना वाचून दाखवलं. "त्यात नवीन काय?" म्हणाले.

म्हणून सांगते, लेप हा पापुद्र्याएवढा असतो. तुमच्या ब्रोचला तो असेल तर चिंच आणि घासणी मिळून तो पाच मिनिटांत घालवतील. नसेलही. पण घासल्यावर ते कळणार नाही.

तुमचा नाण्याचा तुकडा. तो तुटलेला नाही, कापलेला आहे. फोटोत मागचा लांब क्रॉस थेट कडेपर्यंत गेलेला दिसतोय, म्हणजे 1247 नंतरचा, तिसऱ्या हेन्रीच्या वेळी सुरू झालेला पेनीचा प्रकार. सुटे नसायचे तेव्हा पेनी क्रॉसच्या रेघेवर कापायची: अर्धी म्हणजे अधेली, पाव म्हणजे पावली. फार्दिंग या शब्दाचा अर्थच चौथाई. 1279 पासून पहिल्या एडवर्डने गोल अधेल्या-पावल्या सर्रास पाडायला घेतल्या आणि कापाकापी थांबत गेली. म्हणजे तुमची अधेली साधारण त्या बत्तीस वर्षांतली. ती तर अजिबात घासू नका. चांदी पातळ असते, वाकते, तुटते.

जाता जाता, त्याच शेतात शिशाची शिंपल्याच्या आकाराची चपटी कुपी सापडली तर फेकू नका. ती यात्रेकरूंची कुपी, पवित्र पाण्याची. आपल्याकडे काशीहून आणलेला गंगेचा झाळलेला गडू असतो, त्याची धाकटी बहीण. बऱ्याच कुप्यांची तोंडं मुद्दाम फोडलेली असतात आणि त्या शेतातच मिळतात, त्यावरून पीक यावं म्हणून पाणी शेतात शिंपडत असावेत असा एका अभ्यासकाचा अंदाज आहे. मला तो पटतो. आमच्या आजोळी गंगेचं पाणी विहिरीत ओतायचे.

ठेवण्याबद्दल. एकटा पितळी ब्रोच सहसा 'ट्रेझर', म्हणजे कायद्याने कळवावाच लागणारा ठेवा, ठरत नाही, एकटं नाणंही नाही, आणि तुमच्या दोन वस्तूंत बाराशे वर्षांचं अंतर आहे म्हणून त्या एकत्र मोजल्याही जात नाहीत. पण म्हणून त्या तुमच्या होत नाहीत. त्या जमीनमालकाच्या. मित्राशी आधी काय ठरलं होतं? तोंडी असेल तर आजच कागदावर घ्या. मैत्री टिकवायचा दुसरा मार्ग नाही. 1996 च्या कायद्यानुसार 300 वर्षांहून जुनी सोन्या-चांदीची दोन नाणी एकाच ठेव्यातली निघाली किंवा तितकीच जुनी सोन्या-चांदीची एखादी वस्तू निघाली, तर 14 दिवसांत कॉरोनरला कळवायचं. हो, तोच, संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा. हेरफर्डशरमध्ये 2015 ला दोघांनी अख्खा ठेवा दडपला आणि 2019 ला तुरुंगात गेले. उलट आमच्या सफोकात हॉक्सन गावी 1992 मध्ये एक गृहस्थ शेतकऱ्याची हरवलेली हातोडी शोधायला डिटेक्टर घेऊन गेले, आणि सुमारे 15,000 रोमन नाणी लागली. त्यांनी खणणं थांबवून कळवलं, 17.5 लाख पौंडांचं बक्षीस मिळालं. अण्णांना ही गोष्ट सांगितली तर त्यांनी एकच विचारलं, हातोडी मिळाली का? मिळाली. तीही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हे त्यांना फार योग्य वाटलं.

सांगायचं राहिलं: संरक्षित स्मारकाच्या जागेवर परवानगीशिवाय डिटेक्टर चालवणं गुन्हा आहे, मित्राचं शेत असलं तरी. नकाशा आधी बघा. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळे, तिथे सापडलेलं सगळंच राजाचं. आणि 2023 पासून इंग्लंडमध्ये 200 वर्षांवरची, साध्या धातूची पण अपवादात्मक महत्त्वाची वस्तूही ट्रेझर ठरू शकते, म्हणून ब्रोच एकटा असला तरी दाखवाच. बहुतेक परत मिळतो. माझा मिळाला.

आणि आईंनी एव्हाना चिंच लावली असेल तर नोंदीला नेताना सांगून टाका. मी सांगितलं नव्हतं. बाईंना रंगावरूनच कळलं, त्यांनी विचारलं, आणि मी इंग्रजीत सगळं खापर वडिलांवर फोडलं, जणू ते तिथे नव्हतेच. बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "वाटी ओट्यावर कुणी ठेवली होती, ते नाही सांगितलंस."