गरोदरपणात बीपी वाढलेल्या पेशंटचं असेसमेंट नर्सनं कसं करावं?

तुम्ही विचारलंय की जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) प्रॅक्टिकलला असं पेशंट मिळालं तर काय काय बघायचं आणि बीपी दर किती वेळानं घ्यायचं. २० आठवड्यांनंतर बीपी १४०/९० किंवा वर गेलं की वाढलेलं धरायचं, हे तुम्हाला पाठ असणारच, ते सोडून बोलते.

आधी बीपी नीट घ्यायला शिका, तेच चुकलं तर पुढचं सगळं वाया. आमच्याकडं जतच्या बाजूची एक पहिलटकरीण आली होती, आठवा संपत आलेला. सासू म्हणाली रात्रीपासनं पोटात दुखतंय, पित्त झालंय, गोळी दिलीय. ड्यूटीवरच्या सिनिअर बाईंनी तिला डाव्या कुशीवर झोपवलं, वरच्याच हाताला ब्लाउजच्या बाहीवरनं कफ गुंडाळला आणि १३४/८४ लिहून मोकळ्या. हात छातीच्या वर राहिला की आकडा कमीच येणार ना! मी जवळ गेले तर पोरीचा चेहरा सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या. कुठं दुखतंय म्हटल्यावर तिनं हात ठेवला तो उजव्या बरगडीच्या खाली. डोकं? कालपासनं ठणकतंय. डोळ्यापुढं काजवे? हो, चमकतात. तोवर हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

तिला टेकून बसवलं, पाय खाली टेकवले, दंड उघडा केला, हात छातीच्या पातळीला, पाच मिनिटं कुणाला बोलू दिलं नाही. १६८/११२. पंधरा मिनिटांनी परत घेतलं तरी तेच. लघवीच्या पट्टीवर प्रोटीन तीन प्लस. गुडघ्यावर हातोडी लावून रिफ्लेक्स बघितला तर पाय जोरात उडाला, घोट्याला क्लोनस (पाऊल वर दाबून धरलं की ते थडथड उडत राहतं). डॉक्टरांना फोनवर सगळं एका दमात सांगितलं, त्यांनी लॅबेटालॉल (बीपी उतरवायचं औषध) आणि मॅगसल्फचा (झटका येऊ नये म्हणून द्यायच्या मॅग्नेशियम सल्फेटचा) लोडिंग म्हणजे पहिला मोठा डोस द्यायला सांगून मिरजेला हलवायला लावलं. तिथं प्लेटलेट एक लाखाच्या खाली निघाले. सिझर झालं, झटका (फिट) आला नाही, आई आणि बाळ दोन्ही घरी गेले.

आणि त्या सिनिअर बाई मला सगळ्यांदेखत म्हणाल्या, रिफ्लेक्स बघणं डॉक्टरचं काम, नर्सनं आकडा लिहावा आणि कळवावं. मला हे आजही पटत नाही. रात्री दोनला मॅगसल्फचा चार तासांनी द्यायचा डोस कोण टोचतं? आपणच ना? त्याआधी गुडघ्याचा रिफ्लेक्स आहे का, श्वास मिनिटाला १६ च्या वर आहे का, लघवी तासाला ३० मिली तरी होतीय का हे बघितल्याशिवाय सुई उचलायची नाही. औषध अंगात साठलं की आधी गुडघ्याचा रिफ्लेक्स जातो, मग श्वास मंदावतो. म्हणजे ज्या नर्सला रिफ्लेक्स बघता येत नाही तिनं मॅगसल्फ देऊच नये, एवढं सरळ आहे. कॅल्शियम ग्लुकोनेट (मॅगसल्फ जास्त झालं तर त्याचा उतारा) उशाशी काढून ठेवा, कपाटात कुलपात नको.

किती वेळानं ते राहिलंच. १६०/११० च्या वर असेल तर आटोक्यात येईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी, मग अर्ध्या तासानं, तासानं. सौम्य असेल आणि वॉर्डात ठेवलं असेल तर चार तासांनी. बाळाचे ठोके आणि इनटेक-आउटपुट (किती पाणी गेलं, किती लघवी झाली) त्याच कागदावर लिहा. दम लागला, खोकला आला तर छाती ऐका, फुप्फुसात पाणी होऊ शकतं. नुसत्या पायाच्या सुजेवर मात्र फार जाऊ नका, ती कितीतरी जणींना असते. रिफ्लेक्सही काहींचे मुळात जोरात असतात, म्हणून क्लोनस बघायचा. आणि डोस डॉक्टरच्या ऑर्डरनंच, मी सांगितलं म्हणून कुणी काही टोचू नका.

परीक्षेत नर्सिंग डायग्नोसिस पुस्तकातलंच लिहा, मार्क तिथंच आहेत. डिलिव्हरी झाली म्हणून बीपी घेणं सोडू नका, पहिल्या आठवड्यात ते परत चढतं आणि झटका नंतरही येतो, तेव्हा घरी गेल्यावर डोकं दुखलं तर लगेच या हे सासूलाही सांगा. आणि अशा बाईच्या डिलिव्हरीच्या ट्रेमधनं मेथर्जिन आधीच बाजूला काढा, ते बीपी चढवतं; रक्तस्राव थांबवायला ऑक्सिटोसिन ठेवा.