घरच्या कामाला सर्क्युलर सॉ (गोल पात्याची विजेवरची करवत) कोणता घ्यावा?

प्रश्न: घरीच प्लायची रॅक आणि छोटं टेबल करायचंय. दुकानदार म्हणतो ४ इंची मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावा, स्वस्तात होईल. चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर: नका हो करू असं! बरेच सुतार तसं वापरतात हे खरंय, पण त्या मशीनला ब्लेडवर आपोआप खाली येणारं गार्ड नसतं आणि स्पीड भयंकर, १२-१३ हजार आरपीएम (मिनिटाला फेरे), म्हणजे ब्लेड अडकून मशीन मागे उसळलं की उघडं पातं थेट अंगावर. ७ इंची ब्लेडचा वायरवाला सर्क्युलर सॉच घ्या, ब्लेड सरळ उभं ठेवून कापताना साधारण ६० मिमी खोल जातो, १८ मिमी प्लायला भरपूर. बॅटरीवाला महाग पडतो, घरात प्लग असताना कशाला.

खरा फरक ब्लेडचा. सोबत बहुतेक २४ दातांचं येतं, त्याने सनमायकाचे टवके उडतात, म्हणून ४० किंवा ६० दातांचं कार्बाइड टिपवालं (दातांच्या टोकाला कडक कार्बाइड बसवलेलं) वेगळं घ्याच आणि चांगली बाजू खाली ठेवून कापा, कारण दात खालून वर येतात. ब्लेड प्लायच्या खाली ५-६ मिमीच दिसू दे. गॉगल हवाच, सैल हातमोजे अजिबात नकोत, गुंततात.