गोळी चालू आहे, तरी टीएसएच उतरत का नाही?

प्रश्न : डॉक्टर ताई, मी 33 वर्षांची, नागपूरला मानेवाड्यात राहते, सकाळच्या शाळेत शिकवते. थकवा आणि केस गळण्यामुळे थायरॉइडची तपासणी केली. टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक, म्हणजे हार्मोन) 11.8, अँटी-टीपीओ (थायरॉइडविरुद्धची अँटीबॉडी) 640 आलं. डॉक्टरांनी हाशिमोटो हा थायरॉइडचा आजार सांगून थायरॉक्सिनची 50 मायक्रोग्रॅमची गोळी दिली. तीन महिने एकदाही चुकवली नाही, तरी टीएसएच 9.6! आता 75 लिहून दिलीय. उठल्याबरोबर चहासोबत गोळी घेते, साडेसहाला नाश्त्यानंतर रक्तवाढीची (लोहाची) गोळी. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्वही चालू आहे. जाऊबाई म्हणतात पत्ताकोबी, सोयाबीन बंद कर, सैंधव मीठ खा. अँटीबॉडी कशाने उतरतील? दुसऱ्या बाळाचा विचार आहे.

उत्तर : औषध तुम्हाला लागू पडत नाही असं मला वाटत नाही. ते पुरतं रक्तात पोचतच नसावं. ही गोळी फार नाजूक असते. चहाने तिचं शोषण कमी होतं आणि लोह किंवा कॅल्शियम लगोलग पोटात गेलं तर ते तिला धरून ठेवतं. उठल्यावर साध्या पाण्याबरोबर गोळी घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. रक्तवाढीची गोळी चार तासांच्या अंतराने, म्हणजे शाळा सुटल्यावर. पहाटेच्या घाईत हे जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण वेळ एकच ठरवा. आणखी एक, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. बाटली गॅसजवळ किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, उष्णतेने आणि ओलाव्याने औषधाचा जोर कमी होतो.

75 सुरू करण्याआधी डॉक्टरांना हे चहाचं आणि लोहाचं नक्की सांगा. शोषण सुधारलं की कदाचित 50 च पुरेल. गरजेपेक्षा जास्त डोस झाला तर छातीत धडधडतं, झोप उडते, पुढे हाडंही ठिसूळ होतात. वेळ बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी केलेल्या तपासणीला अर्थ नाही. रक्त देण्याआधी निदान दोन दिवस बायोटिन थांबवा, त्यामुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटा कमी येतो.

आता अँटीबॉडी. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी 1912 मध्ये चार स्त्रियांच्या काढलेल्या गलगंडांचं वर्णन केलं, त्यांत पांढऱ्या पेशी दाटून बसल्या होत्या. शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती थायरॉइड ग्रंथीवर उलटते, ग्रंथी हळूहळू थकते आणि मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉइडला हाकत राहते. आपली गोळी हा हल्ला थांबवत नाही, कमी पडलेलं संप्रेरक बाहेरून देते. 640 या आकड्याने आजाराचं कारण कळलं, त्याचं काम तिथे संपलं. तो उतरवण्यासाठी वारंवार तपासण्या आणि महागडी चूर्णं यांवर पैसे घालवू नका, हे मी कळकळीने सांगते.

शिजवलेली पत्ताकोबी खुशाल खा. सोयाबीनच्या वड्याही चालतील, फक्त गोळीच्या वेळेपासून लांब. सैंधव मिठात मात्र पुरेसं आयोडीन नसतं, बाळाचा विचार असताना घरात आयोडीनयुक्त मीठच हवं. उलट आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनाने घेऊ नका, जास्तीचं आयोडीनही या ग्रंथीला बाधतं.

टीएसएच 2.5 च्या खाली येईपर्यंत दिवस राहू देऊ नका. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची थायरॉइड ग्रंथी पुरेशी तयार नसते, सगळी भिस्त आईच्या संप्रेरकावर असते. गरोदरपणाची तपासणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डोस साधारण 25 ते 30 टक्के वाढवावा लागतो. आणि कुणी कितीही सांगितलं तरी गरोदरपणात गोळी बंद करायची नाही. तेव्हा लोह-कॅल्शियमही सुरू होतील, चार तासांचं अंतर तिथेही पाळा.