‘अलिप्त’ या शब्दापाशी थांब

अनेक आशीर्वाद.

तुझी फाइल काल रात्री वाचून संपवली. एसपीक्यू, म्हणजे विचित्र समजुती, संशय, दुरावा असे ‘स्किझोटायपल’ गुण मोजणारी प्रश्नावली; तिच्या ७४ प्रश्नांचं मराठी भाषांतर, त्याचं पुन्हा इंग्रजी, दोन्हींचा मेळ, आणि शेवटच्या पानावर अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, ०.८९. खाली तू विचारलंयस, ‘आता व्हॅलिडेशन झालं ना?’ नाही गं, अजून नाही. मेहनत दिसते, पण ज्या शब्दांवर अडायला हवं होतं त्यांवरून तू सरळ पुढे गेलीस.

आधी अल्फाचं बघू. मानसशास्त्रज्ञ एड्रियन रेननं १९९१ साली एसपीक्यू प्रसिद्ध केली तेव्हा त्यालाही ०.९१ मिळाला होता. पण प्रश्न ७४ असले की अल्फा तसाही फुगतो, त्याचं फार कौतुक नको. रेननं पुढे जे केलं ते बघ. सर्वाधिक गुण पडलेल्या दहा टक्क्यांतल्या लोकांच्या निदानात्मक मुलाखती घेतल्या, आणि त्यांतल्या ५५ टक्क्यांमध्ये स्किझोटायपल व्यक्तिमत्त्व विकाराचं, म्हणजे हेच गुण विकाराच्या थराला गेल्याचं, निदान निघालं. कागदावरचा आकडा हाडामांसाच्या माणसाशी जुळला, ती सप्रमाणता, तू म्हणतेस ते व्हॅलिडेशन. तुझ्याकडे असली एकही मुलाखत नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘लोकांना मी कधीकधी अलिप्त आणि दूरस्थ वाटतो’ हे तुझं वाक्य. उलट भाषांतर करणाऱ्यानं ते इंग्रजीत जवळजवळ मूळच्यासारखंच आणून दिलं, म्हणून तू खूण करून पुढे गेलीस. मीही एकदा हेच केलं होतं. मग चाचणीसाठी एका निवृत्त शिक्षकांसमोर बसले. त्यांनी चष्मा वर सरकवला, वाक्य दोनदा वाचलं आणि हसून म्हणाले, “छे हो, अलिप्त व्हायला एवढी कुठली माझी पुण्याई!” आणि ‘नाही’वर टिक केली. सात शतकांच्या कीर्तनपरंपरेत वाढलेल्या माणसाला अलिप्तपणा म्हणजे साधलेली गोष्ट वाटते. आपण विचारत होतो उणिवेबद्दल, त्यांनी उत्तर दिलं विनयानं. आणि हे उलट भाषांतरात कधीच पकडलं जाणार नाही, कारण भाषांतरकाराला दोन्ही भाषा येतात. तो मराठी शब्दामागचा इंग्रजी शब्द ओळखतो आणि तोच परत देतो. (‘दूरस्थ’ तर आपण फक्त शिक्षणाबद्दल म्हणतो.)

दुसरा खड्डा ‘हो/नाही’चा. ‘घरच्यांखेरीज मन मोकळं करावं असं तुम्हाला कुणीच नाही का?’ ज्याला खरंच कुणी नाही, तो मराठी माणूस काय म्हणेल? एक म्हणेल ‘हो, नाही कुणी’. दुसरा म्हणेल ‘नाही ना’ आणि ‘नाही’च्या चौकटीत खूण करेल. दोघंही एकटेच, पण गुण वेगळे. तुझ्याकडचे नकारार्थी प्रश्न शोध. मी त्यांची विधानं करून ‘माझ्या बाबतीत खरं’ आणि ‘खरं नाही’ असे पर्याय दिले असते. तू काहीही कर, पण बदल केला तर अहवालात लिही आणि मूळ लेखकाला कळव.

ज्योतिषाच्या प्रश्नाचं तू विचारलं होतंस. त्या एकाच प्रश्नात ज्योतिष, भविष्य दिसणं, उडत्या तबकड्या, सहावं इंद्रिय असं सगळं कोंबलंय. आपल्याकडे पत्रिका न बघता ठरलेलं लग्न दाखव! बरेच जण ‘हो’ म्हणतील आणि प्रश्नाची धार जाईल. न दिसणारं कुणी आसपास असल्याच्या प्रश्नावर एक विधवा बाई मला शांतपणे म्हणाल्या होत्या, “आहेत ना हे घरात, जाणार कुठे?” डीएसएममध्ये, म्हणजे मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत, अशा समजुतींबद्दल स्पष्ट म्हटलंय की त्या माणसाच्या स्वतःच्या उपसंस्कृतीच्या चालीरीतींशी विसंगत असल्या तरच मोजायच्या. तरी हे प्रश्न काढू नकोस. काढलेस तर तुझे गुण इतर देशांच्या गुणांशी ताडता येणार नाहीत. एकूण गुण सारखे असलेले गावातले आणि शहरातले, तरुण आणि म्हातारे एका प्रश्नाला वेगळं उत्तर देतात का, ते तपास.

घटक विश्लेषणाबद्दल, म्हणजे कुठले प्रश्न एका गटात पडतात ते बघण्याबद्दल, थोडक्यात. उत्तरं हो-नाहीची आहेत, तेव्हा साधा सहसंबंध नको, अशा दोनच पर्यायांच्या उत्तरांसाठी असलेला टेट्राकोरिक घे. रेनचं १९९४ चं तीन घटकांचं प्रारूप आणि ग्रीसमधल्या लष्करी प्रशिक्षणार्थींवरून २००४ साली निघालेलं चार घटकांचं, दोन्ही ताडून बघ. नमुना फक्त मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा नको. त्यांना प्रश्नाचा रोख आधीच कळतो. आणि जास्त गुण पडलेल्या कुणालाही ‘तुम्हाला आजार आहे’ असं सुचवू नकोस, ही चाचणी निदान करत नाही. प्रश्न वाचून कुणी अस्वस्थ झालं तर द्यायला टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर शेवटच्या पानावर छाप.

‘अलिप्त’च्या जागी मला दोन शब्द सुचतात, ‘तुटक’ आणि ‘फटकून’. कुठला घ्यायचा ते तू ठरवू नकोस, मीही ठरवत नाही. तुझ्या आजीला आणि मेसच्या काकूंना दोन्ही वाक्यं वाचून दाखव, आणि त्या जे म्हणतील ते न सुधारता, त्यांच्याच शब्दांत लिहून आण.