हँडल मारायचं की फिरवायचं?

प्रश्न असा आहे: "बॅटरी उतरली की जुन्या मोटारी हँडल मारून सुरू करत. यातलं 'मारणे' हिंदीवरून आलं का? शुद्ध मराठीत 'हँडल फिरवणे' म्हणावं का? आणि हँडलला मराठी शब्द कोणता?"

'हँडल मारणे' हे चोख मराठी आहे. चुकीचं आहे ते हल्ली सारखं कानावर पडणारं 'पूर्वी गाडीला पुढून किक मारायचे'. किक पायाने मारतात, आणि ती दुचाकीला. त्याहून वाईट म्हणजे 'क्रँकशाफ्ट घालून गाडी सुरू केली'. क्रँकशाफ्ट म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा. तो इंजिनाच्या पोटात असतो, कुणी हातात घेत नाही. हातात असतं ते हँडल. रेडिएटरखालच्या भोकातून ते आत सारायचं आणि क्रँकशाफ्टच्या टोकाच्या खाचेत अडकवायचं.

आता 'मारणे'. आपण हाक मारतो, उडी मारतो, बुडी मारतो, गाठ मारतो, मिठी मारतो. यातलं काहीही मोटारीबरोबर आलेलं नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा छापला गेला 1831 साली, तेव्हा मोटार कुणाच्या स्वप्नातही नव्हती. त्यात नामाला कोणतं क्रियापद लागतं याची खूण दिलेली असते, आणि तिथे 'मार' जागोजाग भेटतो. तरीही 'मारणे दिसलं की हिंदी' असं ठरवून लाल शाई चालवणारे शुद्धिवादी आहेत. त्यांनी कोशही उघडलेला नाही आणि हँडलही हातात धरलेलं नाही.

माझं म्हणणं असं की नामाला जोडलेला 'मार' एका दमात, एका झटक्यात उरकणारी क्रिया दाखवतो. गाठ बांधताना सावकाशपणा चालतो, गाठ मारतात ती चटकन. 'फिरवणे' मात्र लांबत जाणारं क्रियापद आहे. गप्पा मारण्याचा अपवाद माझ्यासमोर नेहमी ठेवला जातो. पण 'गप्पा' अनेकवचनी आहेत, एकेक गप सुटीच मारली जाते.

हँडलाच्या बाबतीत हा फरक प्रत्यक्ष कृतीत दिसतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आधी इग्निशन बंद ठेवून आणि चोक ओढून हँडल दोन-चार वेळा सावकाश फिरवतात, म्हणजे पेट्रोल सिलिंडरपर्यंत ओढलं जातं. हे फिरवणं. मग इग्निशन चालू करायचं. हँडल खाली, घड्याळात सातचा काटा असतो तिथे आणायचं. हाताला दाब लागला, म्हणजे दट्ट्या आतली हवा आवळू लागला, की डाव्या हाताने एकच हिसका वर. हे मारणं. अर्ध्या फेऱ्यात काय व्हायचं ते होतं. जो 'फिरवत' बसतो त्याची गाडी सुरू होत नाही. एकाच कामाच्या दोन पायऱ्यांना भाषेने दोन क्रियापदं दिली आहेत आणि शुद्धिवादी त्यातलं एक खोडायला निघाले आहेत!

दुसरी बाजूही आहे. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटं फिरतं आणि हँडलच माणसाला मारतं. म्हणून अंगठा मुठीभोवती वळवायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. या फटक्याने मनगटाजवळचं हाड इतक्यांचं मोडलं की वैद्यकात त्या मोडण्याला 'शोफर फ्रॅक्चर' नाव पडलं. अशा हँडलाला आपल्या भाषेत नेमकं विशेषण तयार आहे: मारकं. बैल मारका असतो तसंच.

बॅटरीबद्दल थोडक्यात. 'उतरली' आणि 'मेली' एकच नव्हे. उतरलेल्या बॅटरीत स्टार्टर फिरवण्याइतका जोर नसला तरी ठिणगीपुरता असू शकतो, आणि तिथेच हँडल उपयोगी पडतं. ठिणगीसाठी बॅटरीच्या विजेवरची कॉइल वापरणाऱ्या गाडीची बॅटरी पार मेली असेल तर कितीही हँडल मारा, ठिणगी पडणार नाही. मॅग्नेटो असेल तर गोष्ट वेगळी, तो आपली वीज आपणच तयार करतो. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा सेल्फ-स्टार्टर बसवला गेला आणि हँडलाचे दिवस भरत आले. त्यातला 'स्टार्टर' गळून आपल्याकडे नुसता 'सेल्फ' उरला, आणि मराठी माणूस तोही मारतोच.

आता प्रतिशब्द. एक विद्वान मत असं की 'हँडल'मधला 'हँड' आणि आपला 'हस्त' सख्खे भाऊ आहेत, म्हणून शब्द आपलाच समजावा. हे साफ चूक आहे. संस्कृत शब्दाच्या आरंभी 'ह' असेल तर इंग्रजी भावंडात सहसा 'ग' येतो: हंस आणि गूस. इंग्रजीत आरंभी 'ह' असेल तर संस्कृतात सहसा 'श' किंवा 'क' असतो: शत आणि हंड्रेड, श्वान आणि हाउंड. 'हस्त' आणि 'हँड' यांचा ध्वनी सारखा वाटतो, हाच त्यांच्या नात्याविरुद्धचा पुरावा आहे.

खरी गंमत 'क्रँक'मध्ये, म्हणजे दांडा फिरवणाऱ्या वाकड्या दांडीच्या नावात आहे. तांत्रिक मराठीत क्रँकला 'भुजा' आणि क्रँकशाफ्टला 'भुजादंड' म्हणतात. लोक या शब्दांना नाकं मुरडतात, मला ते अतिशय आवडतात. 'क्रँक'च्या मुळाशी वाकण्याचा, मुडपण्याचा अर्थ आहे. आणि 'भुजा'? काही जुने टीकाकार सांगतात, जिने भोजन करतात ती भुजा. मला हे मुळीच पटत नाही. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'भुज्' दोन आहेत. एक खाण्या-उपभोगण्याचा, दुसरा 'भुजो कौटिल्ये', म्हणजे वाकण्याचा. भुजा दुसऱ्यातून आली आहे, कारण ती कोपरात वाकते. भुजंग पाहा. त्याला हात नाहीत, तो वाकडा-वाकडा जातो म्हणून भुजंग. 'भुग्न' म्हणजे वाकलेला. इंग्रजीतला वाकणारा 'बो' याच मुळाचा, आणि कोपराला ते म्हणतात 'एल्बो', म्हणजे हाताचं वळण. त्या 'बो'चं आणि आपल्या भुजेचं नातं 'हँड-हस्त'सारखं ऐकीव नाही, त्यांच्या आरंभीचे 'ब' आणि 'भ' ध्वनिनियमांत बसतात. ज्याने 'क्रँक'ला 'भुजा' म्हटलं, त्याने वाकण्याच्या शब्दाला वाकण्याचाच शब्द दिला. दोन काटकोनांत मुडपलेलं ते हँडल एकदा नीट पाहा, भुजाच आहे ती.

तरी बोलताना 'हँडल'च म्हणा, गॅरेजमध्ये तोच शब्द चालतो. फक्त ते नपुंसकलिंगी ठेवा: 'हँडल मारला' नको, 'हँडल मारलं'.